बर्फाला पडलेली काळी भेग

तळाशीलच्या हरिश्चंद्र केळुसकरला गावात सगळे हरी सारंग म्हणतात. सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी, अशा गावात वाढलेला माणूस एकतर बेफिकीर निघतो, नाहीतर जन्मभर काळजी करत राहतो. हरिश्चंद्र काळजीवाल्यांतला. दोर बांधून झाला की चार पावलं जाऊन परत यायचा आणि गाठ ओढून बघायचा. सुट्टीवर घरी असला तरी वारा फिरला की शेजाऱ्याची होडी नीट बांधलीय ना, ते पाहून यायचा. त्याची बायको सावित्री म्हणायची, "देवान ह्येका काळीज दिल्यान, पण ता थाऱ्यार ठेवूक इसारलो."

तेलाची जहाजं झाली, कंटेनरची झाली, आणि उतारवयात तो एका परदेशी संशोधन जहाजावर लागला. दर उन्हाळ्यात ते जहाज शास्त्रज्ञांना घेऊन उत्तर ध्रुवाकडच्या गोठलेल्या समुद्रात जायचं. पहिल्या खेपेला नजर पोचेल तिथवर पांढरं होतं. काळा चष्मा काढला की डोळ्यांतून पाणी यायचं. पुढच्या खेपांना मात्र त्या पांढऱ्यात निळसर डबकी दिसायला लागली. बर्फ मळल्यासारखा करडा पडायचा. पूर्वी जिथे जहाज धडका देत वाट काढायचं, तिथे ते आता सरळ चालत जाई. खलाशी खूश होते. हरिश्चंद्र मात्र कठड्यापाशी उभा राहून ती डबकी मोजत राही.

मागच्या मोसमात शास्त्रज्ञांमध्ये स्वप्ना नावाची एक मुलगी आली. बंदर सोडण्याआधी डेकवर हरिश्चंद्र कुणाला तरी फोनवर मालवणीत दटावत होता, ते ऐकून ती थबकलीच.

"काका, तुमी खंयचे?"

"तळाशीलचो. आनी तू गो?"

"मी बांद्याची!"

त्या दिवसापासून ती त्याला हरीकाका म्हणायला लागली. तिच्याकडे एका आडव्या दांडीवर बसवलेल्या काचेच्या दोन वाट्या होत्या. एक आभाळाकडे तोंड केलेली, एक खाली बर्फाकडे. वरून किती ऊन पडतं आणि खालून किती परत फिरतं, ते त्या मोजत. ती म्हणाली, ताज्या बर्फावर दहा वाटे ऊन पडलं तर आठ वाटे तो आल्या वाटेने परत पाठवतो. उघडा समुद्र मात्र नऊ वाट्यांहून जास्त गिळून टाकतो.

हे हरिश्चंद्रला समजावून सांगावं लागलं नाही. आखातातल्या बंदरांत भर दुपारी डेकवरच्या काळ्या लोखंडी खुंटाला चुकून हात लागला की फोड यायचा. शेजारच्या पांढऱ्या कठड्याला टेकून मात्र माणसं चहा पीत.

"म्हणजे बर्फ गेलो काय पाणी तापतला," तो हळूहळू म्हणाला, "आनी पाणी तापला काय आणखी बर्फ जातलो. मगे ह्या थांबतला खंय?"

"हिवाळ्यात परत गोठता, काका. पण पयल्याएवढो नाय." मग थोडं थांबून ती म्हणाली, "थांबतला खंय, ता आमीच शोधतंव."

उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळत नाही. नुसता क्षितिजावरून गोल फिरत राहतो. पूर्वी हरिश्चंद्रला त्याचं कौतुक वाटायचं. आता तो सूर्याकडे, घरात शिरून न उठणाऱ्या पाहुण्याकडे बघावं तसा बघू लागला.

पुढे एकदा बर्फाच्या एका मोठ्या लादीला जहाज लावलं आणि स्वप्ना दोन सोबत्यांबरोबर आपलं यंत्र रोवायला खाली उतरली. दोर धरायला हरिश्चंद्र होता. निघताना त्याने एक लांब ॲल्युमिनियमची शिडी बर्फावरून ओढत बरोबर घेतली. "चाचा, आंबे उतरवायचे आहेत का?" असं एक खलाशी हसून म्हणालाही.

धुकं उतरलं. यंत्र उभं राहिलं. तिघं तारा जोडत होती आणि हरिश्चंद्र त्यांच्यापासून जरा मागे, जहाजाच्या बाजूला उभा होता. एवढ्यात वाळलेला माड मोडावा तसा आवाज झाला. त्याच्यापुढे बर्फावर एक काळी रेघ उमटली. बोटभर. बघता बघता ती हातभर झाली. तिच्यात पाणी हलत होतं.

तो जीव खाऊन ओरडला, "स्वप्ना! मागे बग! ये गो बाय, ये!"

तिघं धावली. तोवर भेग उडी मारण्यापलीकडे गेली होती. हरिश्चंद्रने शिडी आडवी लोटली, दोराचं टोक पलीकडे फेकलं. पहिला सोबती रांगत आला, मग दुसरा. स्वप्ना मात्र वळून यंत्राकडे बघत होती.

"ता थंयच टाक!"

ती दोर कमरेला बांधून शिडीवर चढली तेव्हा पलीकडचं टोक बर्फावर जेमतेम टेकलेलं होतं. ती अर्ध्यावर असताना ते सुटलं आणि ती कमरेपर्यंत पाण्यात गेली. तिघांनी दोर ओढून तिला वर घेतलं. ओठ निळे पडले होते, दात वाजत होते, पण ती शुद्धीत होती. जहाजावर नेऊन डॉक्टरांनी तिला गरम कपड्यांत गुंडाळलं. तिला पुरतं बरं वाटेपर्यंत हरिश्चंद्र दाराबाहेर बसून राहिला.

यंत्र त्या लादीबरोबर वाहत गेलं, पण उपग्रहावरून आकडे पाठवत राहिलं. स्वप्ना हिंडायला लागल्यावर तिने त्याला पडद्यावरची रेघ दाखवली. परत फिरणारं ऊन रोज थोडं थोडं उतरत होतं. म्हणजे यंत्राखाली डबकं साचत होतं. एका सकाळी आकडे यायचे बंद झाले.

"बुडला?" त्याने विचारलं. तिने होकारार्थी मान हलवली आणि पडदा मिटला.

ऑक्टोबरच्या उकाड्यात तो तळाशीलला आला. माणसं भेटायला येत, धाडसाची गोष्ट ऐकायला. शेजारचा गणपत म्हणाला, "थंयच्या बर्फाचो आनी आमच्या मासळीचो काय संबंध रे?" हरिश्चंद्रने त्याला काळ्या खुंटाची आणि पांढऱ्या कठड्याची गोष्ट सांगितली. दुपारी तो ओसरीवर बसत नसे. समोरचं चकाकणारं पाणी दिवसभर काय काय पोटात घेतंय, हाच विचार तिथे मनात यायचा. शेवटी त्याने स्वप्नाला फोन लावला.

"बाय, खरा सांग. आमचा घर रवतला?"

"काका, तरंगतो बर्फ इतळलो म्हणान पाणी चडणा नाय. ता चडता जमनीवरच्या बर्फान आनी पाणी तापून फुगता म्हणान. पण थंय मुरललो ताप थंयच रवणा नाय. वारो बदलता, दर्यो बदलता. तुमच्या घराचा माका सांगूक येवचा नाय. खोटा कशाक सांगू?"

खोटा दिलासा तिने दिला नाही, याचंच त्याला बरं वाटलं. झोप मात्र आली नाही.

उन्हाळ्याआधी कंपनीचं बोलावणं आलं. सावित्री चिडली. "आता पुरे झाला. कित्याक जातंस मरूक?"

"पोरगी परत जातासा. तिचो दोर कोण धरतलो?"

दोन दिवस ती रागारागाने सुया चालवत राहिली, आणि मग त्याच्या बॅगेत स्वतः विणलेले लोकरीचे मोजे घातले.

मालवणच्या स्टँडवर गोव्याच्या गाडीची वाट बघताना, पोचवायला आलेल्या सावित्रीने हळूच विचारलं, "तो बर्फ आणखी किती वर्सां टिकतलो?"

हरिश्चंद्रने वाकून बॅगेला बांधलेल्या दोरीची गाठ पुन्हा ओढून बघितली. गाडी लागली तेव्हा त्याने तिचा हात क्षणभर घट्ट धरला आणि चढला. खिडकीतून तो ओरडून म्हणाला, "पोचल्यार फोन करतंय!" तेवढंच वचन त्याला देता येण्यासारखं होतं.