अक्काच्या झिंज्या

मंगळवार, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. मी माझ्या मेलेल्या आत्याचे केस पुसत होतो.

कॉम्प्युटरवर.

धुळ्याला कोर्टाजवळच्या एका टायपिंगच्या दुकानात मी कामाला आहे. अर्ज, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, श्रद्धांजलीचे बॅनर. सगळ्यांचे केले. अक्काचा करायची वेळ येईल असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

अक्का म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. पाचोऱ्याला तिच्या घरी राहून मी शिकलो. शिकलो म्हणजे बारावी नापास झालो.

निकालाच्या दिवशी मी दारात उभा होतो. ती म्हणाली, "पहिले त्या झिंज्या काप. मंग बोलू."

मग ती बोललीच नाही. जेवायला वाढलं.

झिंज्या हा तिचा शब्द.

शब्दकोशात बघितलं तर अर्थ एवढाच : विस्कटलेले, न विंचरलेले केस, तुच्छतेने. तो अर्थ चूक नाही. पण अक्काचा वापर वेगळा होता.

मला ताप आला की कपाळावर हात ठेवून, "कशा झिंज्या व्हयन्यात रे."

गल्लीतल्या पोरी पावडर लावून फिरायला निघाल्या की, "बांधा व त्या झिंज्या, भूत घाबरी जाई."

परक्या माणसाच्या केसांना ती कधी झिंज्या म्हणाली नाही. त्यांचे केस. झिंज्या फक्त आमच्या.

तिचे स्वतःचे केस मी कधी मोकळे पाहिले नाहीत. तेल, घट्ट अंबाडा, वर पदर. एकदाच पाहिले.

मागच्या उन्हाळ्यात डोळे तपासायला तिला मोटरसायकलवर धुळ्याला आणत होतो. पारोळ्याच्या पुढे चहाला थांबलो. पदर खांद्यावर आला होता, अंबाडा सुटला होता, सगळे पांढरे केस वाऱ्याने उभे. आणि ती हसत होती. मी मोबाईल काढला.

"दखाड," म्हणाली. बघितला.

"हाऊ फोटू कोनलेच दखाडू नको. झिंज्या दिसी ऱ्हायन्यात."

"नाही दाखवत."

"मनी शप्पथ खाय."

खाल्ली.

आता ती गेली, आणि मोठा करून छापता येईल असा तिचा दुसरा फोटोच नव्हता. आधार कार्डवरचा काळा. लग्नातल्या ग्रुप फोटोत तिचं डोकं नखाएवढं.

तिचा मुलगा प्रकाशभाऊ फोनवर म्हणाला, "अरे तोच लाव, छान हसतेय." माझा मोबाईल बघताना त्याने कधीतरी पाहिला होता.

मी म्हटलं, "केस नीट करून लावतो."

दोन तास लागले. एक एक केस पुसला. कपाळावर आलेले, कानावरचे, गालावर चिकटलेले. दुसऱ्या एका आजींच्या फोटोतून घट्ट विंचरलेले केस घेऊन डोक्यावर बसवले. मजकूर चार वेळा वाचला. दशक्रिया विधी, वार, वेळ, स्थळ. शोकाकुल परिवारातली सव्वीस नावं. एकही वेलांटी चुकू दिली नाही.

बुधवारी संध्याकाळी पाचोऱ्याला गल्लीच्या तोंडाशी बॅनर बांधला. शेजारच्या धनाकाकू आल्या. अक्काचं आणि त्यांचं चाळीस वर्षांचं. बराच वेळ बघत राहिल्या.

"हाई कोन शे?"

"काकू, अक्का आहे."

"नही रे भाऊ. अक्काना कपायवर तीन टिपका व्हतात."



अक्काच्या कपाळावर गोंदण होतं. भुवयांच्या मध्ये हिरवे तीन ठिपके, लहानपणी जत्रेत गोंदलेले. लहान असताना मी त्यांच्यावर बोट ठेवून एक, दोन, तीन म्हणायचो. कपाळावरचे केस पुसताना तेही पुसले गेले होते.

काकू म्हणाल्या, "नावं तं बठ्ठी बराबर लिखी. आन माणूसच सोडी दिन्हं."

प्रकाशभाऊ म्हणाला, "जाऊ दे. ओरिजिनल फोटो इथल्या दुकानात दे, रात्रीतून दुसरा काढून देतील."

"झिंज्या दिसतील."

"मग दिसू दे ना! आता ती काय बघायला येणार आहे?"

 मी मोबाईल दिला नाही.

स्टेशनरीच्या दुकानातून हिरवा परमनंट मार्कर आणला. मंडपवाल्याची शिडी घेतली. सगळी गल्ली खाली उभी. मनगट अक्काच्या नाकावर टेकवलं.

एक.

दोन.

"जरासा खाले," खालून काकू.

तीन.

उतरलो. काकूंनी पदराने डोळे पुसले, पुन्हा वर बघितलं.

"आते अक्का शे."

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आन तुन्या झिंज्या? तिनी हाऊ अवतार घरमा घेतला नसता."

अक्काचा दवाखाना, मग घर, मग पुन्हा दवाखाना. अडीच महिने केस कापले नव्हते. आयसीयूच्या दारात तिने शेवटचं तेच सांगितलं होतं. मी म्हणालो होतो, "तू घरी ये, मग कापतो."

आज दशक्रिया झाली. प्रकाशभाऊ आणि त्याचे भाऊबंद मुंडणाला बसले. मीही शर्ट काढायला लागलो, तर भाऊबंदांतले वडीलधारे आबा म्हणाले, "तू भाचा शे, तुले गरज नही." बरोबर आहे त्यांचं. शर्टाची बटणं परत लावली.

नंतर एकटाच स्टेशन रोडच्या सलूनमध्ये गेलो.

"कसे करू?"

"कानावर यायला नको. मागून बारीक."

मी शाळेत असताना ती सलूनच्या दारात उभी राहून सांगायची तसंच.

परत आलो तेव्हा दारातली तिची खुर्ची कोणीतरी आत उचलून ठेवली होती. दारात थोडा वेळ थांबलो. कापलेले केस तिला दाखवून मगच आत जायची सवय आहे.

या पोस्टसोबत फोटो नाही. कृपया कमेंटमध्ये मागू नका. मी शप्पथ खाल्लेली आहे.

अक्का, केस कापले. आता 'घरी ये' म्हणता येत नाही. नीट जा.

तुला माझी भावपूर्ण श्रद्धांजली.