पावाचं पहिलं टोक

स्टाइनेनबाख गावाला भट्टी एकच. ओढ्याकाठची, दगडी, काळ्या तोंडाची. शनिवारी पाळीपाळीनं बायका आपापले पाव घेऊन तिथं यायच्या. पावांची मिसळामिसळ होऊ नये म्हणून भट्टीत घालण्याआधी प्रत्येक घर आपली खूण उमटवी. गिरणीवाल्याचं चाक, लोहाराचा नाल, आणि विधवा वाल्बुर्गच्या घरची तीन बोटांची खूण, कोंबडीच्या पायासारखी. चुकून दुसऱ्याचा पाव घरी आला तर त्याला सुरी लावायची नाही, जसाच्या तसा ज्याचा त्याला पोचवायचा, हा गावाचा नेम. पोरांना चालणं यायच्या आधी हा नेम अंगात यायचा.

वाल्बुर्गचा थोरला बाल्थस या भट्टीच्या उबेत वाढला. अंगानं आडवा, बोलायला सावकाश. पण पिठात हात गेले की हातच बोलू लागत. धाकटा वेंडेल काटकुळा आणि वाचाळ. घरात नवा पाव कापला की पहिलं टोक वेंडेलचं, खरपूस आणि कडक. ते तो उंदरासारखा कुरतडत बसायचा. उरलेला पाव थोरल्याच्या हाती यायचा आणि तो सगळ्यांना कापून द्यायचा. बाप गेल्यापासूनची ही रीत.

एकोणीसशे चौदा साली लढाई लागली. जर्मनीतल्या वुर्टेमबर्गच्या आमच्या मुलखातली पोरं बहुतेक फौजेच्या एकाच मोठ्या दलात, तेराव्या कोअरमध्ये गेली. त्यामुळे ती कोअर कुठं भिडली की इकडं शंभर गावांतल्या चुली एकाच दिवशी विझायच्या. वेंडेल पायदळात लागला आणि बाल्थस कोअरच्या चाकांवरच्या भट्ट्यांवर. निघताना आई एवढंच म्हणाली, "तो पुढं असणार, तू मागं. पण त्याच्या पोटाकडं तूच बघ रे."

आर्देनचं रान झालं, पोलंडचा चिखल झाला, फ्लँडर्सचं पाणी झालं. कोअर जाईल तिकडं बाल्थसच्या भट्ट्या मागून गेल्या. पीठ बिघडत गेलं, त्यात बटाटा आला, मग काय काय आलं. भाऊ काही भेटला नाही, पण त्याची दोन ओळींची पत्रं यायची. मग सोम नदीकाठची लढाई झाली. वेंडेलच्या तुकडीतली मूठभर माणसं उरली असं कळलं, आणि पत्रं थांबली.

त्या दिवसापासून बाल्थस प्रत्येक भट्टीतल्या एका पावावर तीन बोटं उमटवू लागला.

भट्ट्यांवरचा सार्जंट क्निटेल कडक माणूस. त्यानं पाहिलंच. "हे काय रे? पाव कोअरचा आहे, तुझ्या आईचा नव्हे."

"होय साहेब."

"मग हा कोंबडीचा पाय कशाला?"

"भावाला कळेल म्हणून, साहेब. असला तर."

क्निटेलनं पावाकडं पाहिलं, मिशी ओढली. "नीट तरी काढ. बदकाचा वाटतोय," म्हणाला आणि निघून गेला.

पाव गाड्यांत भरून पुढं जायचे. गाडीवान झाव्हर, शेजारच्याच गावचा, वयानं मोठा. एकदा रिकामी गाडी घेऊन परतला तो हसतच. "बाल्थस, लेका, तू माणसं उपाशी मारणार बघ!"

"मी? काय केलं मी, झाव्हरकाका?"

"तुझ्या खुणेचा पाव कुणी कापत नाही! लोहाराच्या पोराच्या हाती आला, तो म्हणे, हा वाल्बुर्गमावशीच्या घरचा. दिला पुढच्या तुकडीला. तिथं गिरणीवाल्याचा पुतण्या. त्यानंही दिला पुढं. खंदकाखंदकांतून फिरतोय तुझा पाव. वर गोळे पडताहेत, खाली हे पाव पोचवताहेत!"

बाल्थसचा चेहरा उतरला. भुकेली माणसं, हातात पाव, आणि गावाचा नेम. असं काही होईल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"खा म्हणावं त्यांना. माझी शपथ घाला."

"घातली. लोहाराचं पोरगं म्हणतं, शपथ गेली खड्ड्यात, मावशी मला भट्टीपाशी उभा करून कान उपटेल."

"आणि वेंडेल?"

झाव्हरनं घोड्याच्या मानेवर हात फिरवला. "विचारलं. त्या बाजूचं कुणाला नक्की ठाऊक नाही."

दिवस गेले. थंडी पडली. एका सकाळी झाव्हर आला तो हसला नाही. बाकाखालून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढून त्यानं बाल्थसच्या हाती ठेवलं. "तुझं आहे म्हणाले. मागं पाठवलंय. चार हातांतून आलं माझ्याकडं, मी सोडून पाहिलं नाही."

फडक्यावरूनच बाल्थसला कळलं, पाव आहे. वाळून धोंडा झालेला. धनी सापडला नाही की पाव घरी परततो. तो पिठाच्या पोत्यावर बसला, पाव मांडीवर घेऊन. बाकीचे गडी पीठ मळायचे थांबले. क्निटेल आला आणि तोही तिथंच उभा राहिला.

"सोड रे," झाव्हर हळूच म्हणाला. "न सोडून काय होणार?"

बाल्थसनं गाठ सोडली. वर तीन बोटांची खूण, चिखलानं माखलेली. त्यानं पाव फिरवला. पलीकडच्या बाजूचं टोक नव्हतं. एकच टोक, सरळ सुरीनं कापून घेतलेलं. बाकीचा सगळा पाव जसाच्या तसा.

त्याला आधी हसू आलं की रडू, हे झाव्हरला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. "टोक खाल्लंय," बाल्थस म्हणत राहिला. "मेल्यानं टोक खाल्लंय, काका. बाकीचा मला पाठवलाय."

मग तो उठला. थोरल्याच्या हाती पाव आला होता. करवतीसारखी सुरी चालवून त्यानं त्या धोंड्याचे तुकडे केले, आणि गरम काळ्या कॉफीत बुडवून एकेकाच्या हातावर ठेवले. "घ्या. आमच्या घरचा आहे."

क्निटेलनं आपला तुकडा बराच वेळ चावला. "मीठ कमी आहे," म्हणाला.

"आमच्याकडं असंच असतं, साहेब."

कोअर हरून घरी परतली तेव्हा वेंडेल लंगडत आला, पण आला. बाल्थसनं पुढं म्हातारा होईपर्यंत ओढ्याकाठची भट्टी सांभाळली. शनिवारी पहिला पाव निघाला की तो कापायचा नाही, दाराकडं बघत थांबायचा. रस्त्यावर काठीची टकटक ऐकू आली की मग सुरी उचलायचा.