चिखलाचं उदाहरण

अमृत तामोरे सरांना तलासरीत कुणी चुकून विचारलं, की वस्तूला वस्तुमान येतं कुठून, तर विचारणाऱ्याची एसटी गेलीच म्हणून समजा.

सर मूळचे वरोरचे, मासेमारी करणाऱ्या घरातले. मुंबईत एम.एस्सी. करताना त्यांना एका कल्पनेनं वेड लावलं. निसर्गातली तीन बळं आज वेगळी दिसतात: विजेचं आणि चुंबकाचं एक, अणूचं केंद्रक बांधून ठेवणारं दुसरं, किरणोत्सर्ग घडवणारं तिसरं. पण विश्वाच्या अगदी आरंभी ही तिन्ही एकच असावीत आणि मग भावकीसारख्या त्यांच्या वाटण्या झाल्या असाव्यात. यावर संशोधन करायचं सरांनी ठरवलं होतं. तेवढ्यात तलासरीच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला शिकवायची नोकरी लागली, लग्न झालं, आणि पुढच्या वर्षी बघू म्हणता म्हणता तेहेतीस वर्षं उलटली. स्वभावच तसा. वाईट काम त्यांनी कधी मुद्दाम केलं नाही. चांगलं मात्र उद्यावर टाकलं.

खाज काही गेली नाही. धडा संपला की शेवटची दहा मिनिटं ते अभ्यासक्रमाबाहेरचं सांगायचे. पोरं खिडकीबाहेर बघत बसायची. दोन हजार बाराच्या वर्गात एकटी नवशी तेवढी फळ्याकडे बघायची. वेवजीच्या एका पाड्यावरची पोर, शेतावर राबून कॉलेजला यायची. इलेक्ट्रॉनचा एक भाऊ आहे, म्युऑन, सगळ्या बाबतीत इलेक्ट्रॉनसारखा पण दोनशे पट जड, असं सरांनी सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "का जड?"

"ते अजून कुणालाच माहीत नाही."

"मग आता कोण शोधतं?" नवशी म्हणाली.

तेवीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, असं सर घरी बायकोला सांगत. खरं तर नोकरीला तेव्हा वीसच वर्षं झाली होती, पण आनंदात माणूस थोडं वाढवून बोलतो. पुण्याला महिनाभराचं विज्ञान शिबिर भरणार होतं, मोठे संशोधक शिकवणार होते आणि त्यातून निवडलेल्यांची पुढच्या शिक्षणाची सगळी सोय होणार होती. कॉलेजातून एकच नाव पाठवायचं होतं, शनिवारपर्यंत. ते नाव सरांनी मनात पक्कं केलं होतं.

त्याच वर्षी जुलैत, वस्तूला वस्तुमान कसं येतं याचा धागा देणारा हिग्ज कण सापडल्याची बातमी आली. आवणीचे दिवस, भाताची रोपं लावायला अर्धा वर्ग शेतात. तरी सरांनी खास तास घेतला आणि ठाण्याहून आलेले दोन पाहुणे मागच्या बाकावर बसवले. विश्वभर एक अदृश्य क्षेत्र पसरलंय, सर म्हणाले, जणू चिखलाचं शेत. ज्या कणाचे पाय त्यात रुततात तो जड, जो वरच्या वर निघून जातो तो प्रकाशाचा कण, त्याला वस्तुमानच नाही. पाहुण्यांनी माना डोलावल्या. वाळूवर वाढलेल्या सरांनी जन्मात आवणी केली नव्हती, हे पाहुण्यांना काय ठाऊक.

नवशी उभी राहिली. तिच्या नखांत कालचा चिखल होता.

"सर, चिखल तर थांबवतो. ढकलायचं सोडलं की माणूस जागच्या जागी रुतून बसतो. पण तुम्हीच शिकवलं ना, चालती वस्तू कुणी अडवलं नाय तर चालतच राहते? मग इलेक्ट्रॉन का नाय थांबत?"

सरांनी पाहुण्यांकडे पाहिलं. म्हणाले, "नवशे, आवणी तू शिकव, फिजिक्स मी शिकवतो." वर्ग हसला, पाहुणेही हसले. नवशी खाली बसली.

संध्याकाळी घरी सर पुस्तक उघडून बसले. पोरीचं बरोबर होतं. वस्तुमान चालत्याला थांबवत नाही. वेग बदलायला जो विरोध होतो, ते वस्तुमान. चिखलाची गोष्ट सोपी होती आणि चुकीची होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत सरांनी पुस्तक मिटलं. उद्या वर्गात सांगू असं ठरवलं, आणि शनिवारी तिच्याच वर्गातल्या रूपेशचं नाव पाठवलं. नवशीचं पाठवलं असतं तर तिच्यापुढे उभं राहावं लागलं असतं, एवढंच कारण. रूपेश शिबिराहून एक टोपी घेऊन आला. आज तो जमिनींचे व्यवहार करतो, बरा आहे बिचारा.

नवशी बारावीनंतर उंबरगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. विषय निघाला की सर म्हणायचे, "सांगणार होतो तिला. पण आवणी चालू होती, ती यायचीच बंद झाली." बारा-तेरा वर्षं हेच वाक्य, इतक्या वेळा बोललेलं, की सरांनाही ते खरं वाटायला लागलं होतं.

मग सर निवृत्त झाले. निरोप समारंभात एका जुन्या विद्यार्थ्यानं त्यांची थोरवी गाताना नेमकं ते चिखलाचं उदाहरण सांगितलं आणि टाळ्या पडल्या. सरांना त्या रात्री जेवण गेलं नाही. पुढच्या रविवारी ते वेवजीला गेले. बैल गेला नि झोपा केला, हे त्यांनाही कळत होतं.

नवशी अंगणात कैरीच्या फोडी वाळत घालत होती. तिनं खाट टाकली, पाणी दिलं. सरांनी घोटभर पिऊन सरळच सांगितलं, "तुझं बरोबर होतं. माझं उदाहरण चुकीचं होतं."

"मना माहीत होतं," नवशी म्हणाली. "मी घरी येऊन पुस्तकात बघलं. वर्गात तवा पाहुणे होते ना. वाटलं, सरांना ठाऊक नसेल, आपण कशाला त्यांची लाज काढायची. म्हणून गप बसले."

सरांना भरून आलं. इतकी वर्षं ही पोर आपल्याला अडाणी समजून माफ करत होती.

"तुमाला कवा कळलं सर?"

निवृत्तीनंतर कळलं, असं म्हणता आलं असतं. तिनं मानलंही असतं. पण सर खोटं बोलले नाहीत.

"त्याच संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी सांगणार होतो गं. पण आवणी होती, तू यायची बंद झालीस."

नवशीचा हात फोडींवर थांबला. ती रागावली नाही, आवाजही चढला नाही.

"दुसऱ्या दिवशी मी आले होते सर," ती म्हणाली. "पुढच्याच बाकावर बसले होते. पूर्ण आठवडा आले."

सरांना आठवलं. हजेरी त्यांनीच घेतली होती, आणि तिच्या नावाला मान वर केली नव्हती.