मालकी बदलाला हरकत

जांबे गावात आमच्या खोल्यांत भाड्याने राहणारी आयटीतली पोरं मला ‘चिपवाले मालक’ म्हणत. कुणी नवा लॅपटॉप आणला, की पहिलं बटण माझ्याकडून दाबून घेई. मालकांचा हात लागला की यंत्र निमूट चालतं, अशी समजूत पसरली होती. ती पसरू देणारा मीच. आता वय झालंय, तेव्हा खरं काय ते सांगून टाकतो.

दोन हजार नऊचा उन्हाळा असेल. वरच्या खोलीत परभणीचा एक मुलगा राहत होता. गेम खेळायला म्हणून त्याने पाट्याएवढा जड लॅपटॉप घेतला होता. चालू केला की पंखा असा घोंघावायचा, की आमची ही म्हणायची, "गिरण सुरू झाली वाटतं." त्याच्या आईचं ऑपरेशन ठरलं होतं. गावी राहून काम करायला कंपनी तयार झाली, पण एका अटीवर: लॅपटॉपमधली सुरक्षेची चिप चालू करून सगळ्या माहितीला कुलूप घालायचं, आणि सकाळी ते ऑफिसात दाखवायचं. नाहीतर रजा नाही.

संध्याकाळी तो आमच्या ओसरीवर येऊन बसला. बरीच बटणं दाबून म्हणाला, "झालं मालक. आता बंद होऊन चालू झाला, की चिप जागी." तेवढ्यात वरची टाकी भरून वाहू लागली. मी म्हणालो, "पळ रं, मोटार बंद कर आधी."

तो गेला आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत चार ओळी उमटल्या. माझं इंग्रजी जुन्या मॅट्रिकचं. पण जमिनीच्या कागदांमुळे ‘ओनरशिप’ हा शब्द मी झोपेतही वाचला असता. कुणीतरी मालकी घेऊ पाहतंय, मान्य असेल तर हे बटण, नसेल तर ते. आमच्याकडे हिंजवडीच्या बाजूला जमिनींना भाव आल्यापासून चुलत्याच्या माघारी पुतण्याने फेरफार करून घेतल्याची प्रकरणं घरोघर होती. मालक जागेवर नाही आणि मालकी बदलतेय! मी नकाराचं बटण दाबलं. हरकत नोंदवली म्हणा ना.

तो परत आला तेव्हा पडदा नेहमीसारखा उजळला होता आणि चिप बंदच होती. त्या ओळी त्याला दिसल्याच नव्हत्या. "चिपच बाद दिसतेय," म्हणाला आणि आईला फोन लावला. "माय, माझं जमत न्हाई. मामाला घेऊन जा." पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. हा मात्र "हो... हो... जेवलो," एवढंच म्हणत होता.

 हे मी केलं, असं तोंडून निघेना. म्हणालो, "पुन्यांदा करून बघ की. या टायमाला हितंच बस, हलू नगंस."

त्याने पुन्हा सगळं केलं. त्याच ओळी आल्या. "अरेच्चा! हे विचारतंय होय? मघाशी विचारलंच नाही."

"इचारतंय कशापायी?"

"दुरून कुणी चिप बदलू नये म्हणून, मालक. माणूस यंत्रासमोर हजर पाहिजे."

"म्हंजी रजिष्ट्रार हापिसागत. दुसऱ्याच्या अंगठ्यानं खरेदीखत न्हाई."

तो खो खो हसला. "तुम्हीच दाबा मग. साक्षीदार!"

मी दाबलं. चिप जागी झाली. त्याने मला मिठीच मारली आणि लगेच आईला फोन केला. मग बाकीच्या खोल्यांतून ओरडत फिरला, "मालकांनी हात लावला न् चिप चालू झाली!"

दिवाळीनंतर त्याची आई आली. आता ती धडधाकट होती. शेंगांच्या लाडवांचा डबा माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "भाऊ, तुमच्यामुळं लेक उशाशी होता माझ्या."

मी लाडू तोंडात घातला, म्हणजे बोलायला नको. ही दारात उभी होती. ओसरीवर मी कोणतं बटण आधी दाबलं, ते तिने त्या संध्याकाळी पाहिलं होतं.

"खावा," ही म्हणाली, "लई कष्टाचा हाय."