बंद न केलेलं मशीन

करंजाड्यातल्या आमच्या गाळ्यात दादाचं आणि माझं पहिलं भांडण झालं ते सर्व्हरवर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची यावरून. आम्ही भावंडांनी मिळून वेबसाइट होस्टिंग सुरू केलं होतं. आसपासच्या शाळा, क्लासेस, दुकानं यांच्या वेबसाइट आमच्या मशीनवर ठेवायच्या. गिऱ्हाईक आणायचं दादानं, मशीन सांभाळायचं मी. दादाला विंडोज हवं होतं. "अगं, मलाही काही कळू दे. तुझ्या त्या काळ्या स्क्रीनवर मी काय बघणार?" मला लिनक्स हवं होतं. कारणं पुष्कळ होती आणि खरीही होती, पण दादा हटेना, तेव्हा मी नको ते बोलून गेले. म्हटलं, "हे एकदा चालू केलं की वर्षानुवर्षं बंद करावं लागत नाही."

त्या एका वाक्यावर तो मानला. आणि त्याच वाक्यापायी मी माती खाल्ली.

सिस्टिम बिचारी रोज सांगत होती. लॉगिन केलं की पहिली ओळ तीच: अपडेट आलेत, रिस्टार्ट करा. पाच मिनिटांचं काम. पण रिस्टार्ट केलं की मशीन सलग किती दिवस चालू आहे तो आकडा शून्यावर येणार, आणि तो आकडा तर मी मिरवत होते. गिऱ्हाइकांना दाखवायचे, दादाला मुद्दाम दाखवायचे. "बघ, तुझं विंडोज असतं तर?" तो हसून मान डोलवायचा. अपडेटवर अपडेट साचत गेले. हे कधीतरी अंगाशी येणार हे मला माहीत नव्हतं, असं आजही म्हणवत नाही.

आमचे बाबा तळोज्याला लेथवर होते. दसऱ्याला लेथ बंद, पुसून लख्ख, वर हळदकुंकू आणि झेंडू, आणि दिवसभर तिला कोणी हात लावायचा नाही. दादाच्या अंगात ते मुरलेलं. पहिली दोन वर्षं मी त्याला चालू सर्व्हरचीच पूजा करायला लावली. तिसऱ्या वर्षी आई ताट घेऊन आली आणि म्हणाली, "चालत्या यंत्राची कसली रे पूजा?" मी दाराला तोरण बांधत होते. मी वळेपर्यंत दादानं बटण दाबलं होतं.

"दहा मिनिटं गं. बाबांची लेथ तर दिवसभर थांबायची."

मशीन परत उठलंच नाही. काळ्या स्क्रीनवर दोन ओळी आल्या आणि मी त्या वाचताक्षणी ओळखलं, रिस्टार्टवाचून अर्धवट बसलेल्या अपडेटनं घात केलाय. इन्व्हर्टरनं एक दिवस दगा दिला असता तरी हेच झालं असतं. दादा हळदीच्या हातांनी तसाच उभा होता. "माझ्यामुळे झालं ना?"

मी कीबोर्डवरून मान वर न करता म्हणाले, "सांगितलं होतं ना, बंद करायचं नसतं म्हणून."

पनवेलच्या एका मिठाईवाल्याचं श्रीखंडाचं ऑनलाइन बुकिंग त्या दिवशी आमच्या मशीनवर होतं. बॅकअपवरून सगळं उभं करायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. मिठाईवाला गेला, त्याच्यामागून दोन शाळा गेल्या. दादा प्रत्येकाकडे स्वतः जाऊन सांगून आला, "चूक माझी, बहिणीनं बजावलं होतं." मिठाईवाल्याचा मला फोन आला, "ताई, दादांना मशीनजवळ येऊ देत जाऊ नका." मी हसले. ते हसणं आठवलं की माझंच थोबाड फोडावंसं वाटतं.

दोन महिन्यांनी दादानं खारघरला नोकरी धरली. "माझ्या हाताला गुण नाही गं. तुझी सिस्टिम चांगली होती," असं म्हणून त्यानं गाळ्याची किल्ली टेबलावर ठेवली. मी चहा करते म्हणाले. तो थांबला, प्यायला आणि गेला.

नंतर नवीन सर्व्हर घेतला तेव्हा कोणती सिस्टिम टाकायची यावर भांडायला कोणी नव्हतं. लिनक्सच टाकलं. आता दर महिन्याला न चुकता रिस्टार्ट करते. पाच मिनिटांत मशीन गुणी बाळासारखं उठतं, आणि दर वेळी मला स्वतःची शिसारी येते. दादाला फोन करायचं ठरवते आणि पुढच्या महिन्यावर ढकलते. ढकलण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

यंदा दसऱ्याला दादा आला. बाजारातून झेंडू आणला होता. चपला काढल्या, पण उंबऱ्यापाशीच थांबला आणि आत डोकावून म्हणाला, "चालू आहे ना?"

"हो."

"मग मी आत येत नाही. तूच वाहा." त्यानं लांबूनच फुलांची पुडी पुढे केली.

खरं सांगायला तेव्हाही एक वाक्य पुरलं असतं. मी पुडी घेतली.