आरतीत न आलेली देवी

माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं. अक्षर गिचमिड आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. वाचणाऱ्याने ते पोटात घालावं. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

आदिलाबाद जिल्ह्यात नेरडीगोंड्याजवळ आमचं गाव. घरी भाजीचा मळा. दुपारी देवीच्या मंडपात आम्ही बाया अष्टाचंग खेळायचो. कवड्या टाकायच्या आणि आखलेल्या घरांतून सोंगट्या चालवायच्या. यात मला कोणी हरवत नसे. एकदा कोणती सोंगटी काढावी याचा खूप विचार करत असताना माझा हात झटके देऊ लागला, आणि पुढचं काही आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा कपाळभर कुंकू होतं, ओटीत नारळ होता आणि बाया पाया पडत होत्या. माझ्या अंगात देवी आली असं सगळ्यांनी ठरवलं. मग मला मुद्दाम खेळायला बसवू लागल्या. मी पडले की पुढ्यात पैसे ठेवून कोणी मुलीचं लग्न विचारी, कोणी मूलबाळ. ते पैसे सासूबाई घरात खर्च करत. माझी जीभ चावली जाई, अंग दिवसभर ठणके. पण नाही म्हटलं तर देवी कोपेल, ही भीती होती.

नवरात्रात हायवेवरून जाणारी एक तेलुगू बाई दर्शनाला थांबली आणि नेमकी त्याच वेळी मी खेळता खेळता पडले. तिने बायांना बाजूला सारलं, मला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपली शाल दिली. मी सावध झाल्यावर तिने हिंदीत विचारलं, "अम्मा, आरती में कभी आती है क्या देवी?"

मी आठवून पाहिलं. आरतीत कधीच आली नव्हती.

सासूबाई तडकल्या. "आमच्या घरात देवी येऊन राह्यली, तं हिले काऊन खुपते?" त्यावर ती बाई एवढंच म्हणाली, की तिच्या भावाला बुद्धिबळ खेळताना असेच झटके यायचे, हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. आदिलाबादचा दवाखाना सांगून ती गेली. तिचं नावही मी विचारलं नाही.

जिची आरती, ती आरतीलाच का येत नाही? हे मनातून जाईना. शेवटी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "चाल मंग. देवी रागावली तं माह्यावर रागावू दे."

दवाखान्यात डोक्याला तारा लावून मला नर्सबाईंसोबत अष्टाचंग खेळायला लावलं. नर्सबाई हरत आल्या तेवढ्यात मशीनवरच्या रेघा उसळल्या. डॉक्टर म्हणाले, ही मिरगी आहे, डोकं लावायच्या खेळाने येणारी. खेळ बंद, गोळी रोज.

पहिली गोळी मी देवीच्या पायाशी ठेवली आणि तिच्याच तीर्थासोबत गिळली. तेव्हापासून झटका नाही. होईल ते सोसणं म्हणजे शरण जाणं, असं मी समजत होते. तिने पाठवलेला हात धरणं, हेही शरण जाणंच आहे.

पण बायांनी देवीला म्हणून दिलेले पैसे माझ्या आजाराला मिळाले होते. मेथी विकून मी ते घरोघर परत करत गेले. शेवटी राहिली शेजारीण. ती घेईना.

"माह्या पोरीचं तं जमलं न वो, मंग वापस कायचे?"

"ते देवीनं जमवलं," मी म्हटलं. "मी तं बेसुद पडून होती."

ती खूप हसली आणि नोटा कमरेला खोचल्या. सगळ्यांचे पैसे फिटले.