काचेमागचा दगड

धाकटी वस्तुसंग्रहालयात झाडपूस करते, त्याला अठरा वर्षं झाली. तिने पुसलेल्या काचेवर माशी बसली तर घसरून पडेल. हे थोरला भाऊ गावभर सांगतो, आणि चौथीच शिकला असला तरी तो उगाच बोलत नाही.

अशाच एका काचेमागे दगड आहे. नारळाएवढा, मधे आरपार भोक. कपाटावर परवा नवी पाटी लागली: ‘डोंगरी टोळ्यांची गदा. शेती त्यांना पुढे सपाटीवरच्या लोकांनी शिकवली.’

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन म्हणाली, “दादा, पणजीची काठी माळ्यावर आहे ना अजून?”

“आहे म्हणजे? दगडासकट आहे!”

टोकदार काठीत असा दगड ओवायचा, पाचर ठोकायची. दगडाच्या भाराने काठी टणक मातीत घुसते, त्या भोकात बी टाकायचं. बैलाचा पाय ठरत नाही त्या डोंगरउतारावर त्यांच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या असंच पेरलंय. तिथली शेती सपाटीवरचे शिकवणार? डोंबल!

दुसऱ्या दिवशी दोघं काठी घेऊन संग्रहालयाच्या साहेबांपुढे उभी राहिली. साहेबांनी चहाच्या कपातून मान वर केली नाही. “बाई, हे तज्ज्ञांनी ठरवलंय.”

“गदा असती तर कडा फुटल्या असत्या, साहेब. माणसांची डोकी काय लोण्याची असतात? हा बाहेरून धड आहे, झिजलाय आतून. अठरा वर्षं मीच पुसते ना!”

“नोकरी पुसायची आहे, शिकवायची नाही.”

थोरल्याने मग अंगणात, खिडकीसमोरच, चार घावांत हातभर खड्डा पाडला. माळी कुदळ टाकून बघत राहिला. साहेबांनीही बघितलं.

आठ दिवसांनी पाटी बदलली: ‘दगडी वस्तू. उपयोग अज्ञात.’ खालची ओळ मात्र जशीच्या तशी.

अज्ञात! अरे, डोळ्यांदेखत खड्डा पाडला ना?

धाकटी काच रोज लख्ख पुसायची, पाटीला हात लावायची नाही. महिन्याभरात पाटीवर धुळीचा असा थर चढला की अक्षर दिसेना. एके दिवशी साहेब तिथेच थांबले. पाहुणे बरोबर होते.

“बाई, हातात फडकं कशाला दिलंय?”

धाकटीने फडकं उलटंसुलटं करून बघितलं. “काय की, साहेब. उपयोग अज्ञात.”

पाहुणे हसले. साहेबांनी स्वतःच्या रुमालाने पाटी पुसली, आणि ‘काय लिहिलंय?’ असं पाहुण्यांनी विचारल्यावर पुसता पुसता त्यांना ती मोठ्याने वाचावी लागली.